नळीचं दुसरं टोक

हैदराबादहून विजयवाड्याला निघालेला हमरस्ता दिलसुखनगरातून जातो. आंध्राच्या किनाऱ्याकडच्या कोनसीमेतली, काकिनाड्याकडची पोरं याच वाटेने इथल्या कोचिंग क्लासेसना येतात, गल्लोगल्लीच्या हॉस्टेलांत राहतात आणि मेसमध्ये जेवतात. ज्या मुलखातून ती येतात त्याच्या पोटात नैसर्गिक वायू आहे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला हा वायू काही भातशेती-नारळीबागांखालून निघतो, बराचसा बंगालच्या उपसागराच्या तळाखालून. काकिनाड्याजवळच्या गाडिमोगाहून निघालेली सुमारे चौदाशे किलोमीटरची नळी तेलंगणा, कर्नाटक आणि महाराष्ट्र ओलांडून गुजरातेत भडोचपर्यंत जाते. मराठी माणसाने याकडे परमुलखातली गोष्ट म्हणून पाहू नये. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, कृष्णा महाबळेश्वरला. लाखो वर्षं या दोन नद्यांनी वाहून नेलेल्या गाळाच्या थरांतच तो वायू साठला आहे.

या वायूने गावांचं काय केलं आणि कोळशाकडून सूर्याकडे जाताना त्याला कुठे ठेवायचं, यावर दोन टोकांची मतं आहेत. ती इथे दिलसुखनगरातल्या एका मराठी घरातल्या दोन कल्पित माणसांच्या तोंडी घातली आहेत. मामा गॅसलाइनच्या देखभालीत उभी हयात घालवून निवृत्त झालेले अभियंता. भाची सोलापूरला वकिली करते आणि भूसंपादनाच्या मोबदल्याचे दावे चालवते. मामी अधूनमधून बोलतात, पण नेमकं.

मामा : तुम्ही वकील लोक नळीचं नाव काढलं की आधी भांडायला उठता. अगोदर हिशेब ऐक. तेवढीच वीज करायला कोळसा जाळून जितका कार्बन डायऑक्साइड निघतो, त्याच्या साधारण निम्मा गॅसमधून निघतो. राख नाही, राखेची तळी नाहीत. हैदराबादच्या दिव्यांसाठी रामगुंडमच्या बाजूला कोळसा जळतो. तिथल्या माणसाला विचार, गॅस हवा की कोळसा. शिवाय सूर्य मावळला की तुझी सौरवीज बंद. थंड पडलेल्या कोळशाच्या संचाला उभं राहायला कित्येक तास लागतात. गॅसचं टर्बाइन त्याच्या कितीतरी आधी भार उचलतं. सौरवीज वाढवायची असेल तर संध्याकाळी हात द्यायला गॅस लागणारच.

भाची : निम्मा धूर हा गॅस जळाल्यानंतरचा हिशेब झाला. न जळता निसटला तर? नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. वीस वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटींहून जास्त ऊब धरून ठेवतो. विहिरीपासून शेगडीपर्यंत थोडा थोडा जरी गळत राहिला, तरी तुमचा फायदा वाटेतच संपतो.

मामा : म्हणून तर गळती शोधायची आणि बंद करायची. गळलेला गॅस म्हणजे कंपनीचाच पैसा हवेत गेला. गळती ठेवण्यात कुणाचाच फायदा नाही.

भाची : मग नगरमचं काय झालं, ते तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर म्हणाल, वकिली करते.

मामा : सांगतो. २७ जून २०१४ची पहाट. कोनसीमेतल्या नगरम गावाजवळ 'गेल' या सरकारी वायू कंपनीची नळी फुटली. ताटिपाकहून कोंडापल्लीच्या वीज प्रकल्पाकडे गॅस नेणारी लाइन. गॅस गळून आजूबाजूला पसरला होता. कुणीतरी पहाटे शेगडी पेटवली आणि सगळं एकदम भडकलं. वीसहून जास्त माणसं गेली. घरं जळाली, नारळी उभ्या जळाल्या.

भाची : आणि कारण?

मामा : कारण आमच्या धंद्यातल्या पहिल्या धड्यातलं आहे. लाइन कोरड्या गॅससाठी टाकलेली, आणि तिच्यातून ओला गॅस जात होता. गॅसबरोबर पाणी आलं, त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळला की सौम्य आम्ल तयार होतं. ते नळीच्या तळाशी बसून पोलाद आतून खातं. बाहेरून रंग शाबूत, आतून भिंत पातळ. पाणी आधीच काढायला हवं होतं, नळी आतून तपासायला हवी होती. हा दोष गॅसचा नाही, देखभालीचा आहे.

भाची : देखभालीचा दोष एकदाच झाला असता तर मानलं असतं. नगरमपासून जवळच पासर्लपुडी आहे. ८ जानेवारी १९९५ला तिथल्या ओएनजीसीच्या विहिरीचा स्फोट झाला आणि आग ६५ दिवस धगधगत राहिली. विझवायला परदेशातून तज्ज्ञ आणावे लागले. आजूबाजूची गावं रिकामी करावी लागली. त्या पट्ट्यातल्या पन्नाशीच्या माणसाने एकाच आयुष्यात दोन आगी पाहिल्या. त्याला 'दोष देखभालीचा' म्हणून समजावणार?

मामा : समजावणार नाही. पण विमान पडलं म्हणून विमानं बंद करत नाहीत. पडायचं कारण शोधतात.

भाची : विमानात बसणाऱ्याने तिकीट काढलेलं असतं, मामा. नगरमच्या लोकांनी कुठलं तिकीट काढलं होतं? तो गॅस त्यांच्या गावातून दुसरीकडच्या वीज प्रकल्पाला चालला होता. गावकरी म्हणतात, गळतीची तक्रार आम्ही आधी केली होती. ऐकायला कुणी नव्हतं.

मामा : इथे तुझं बरोबर आहे, आणि एक गोष्ट मी तुला सांगतो जी बाहेरच्यांना ठाऊक नसते. मिथेनला स्वतःचा वास नसतो. तुझ्या मामीला शेगडीजवळ जो वास येतो, तो मुद्दाम मिसळलेला असतो, मरकॅप्टनचा. आपल्याकडे शहरातल्या वितरणाच्या जाळ्यात गॅस शिरतो तिथे तो घालतात. मोठ्या वाहक नळीत सहसा नसतो.

मामी : म्हणजे शहरात गळालं तर नाकाला कळतं, आणि वावरात गळालं तर नाही?

मामा : हौ. तिथे यंत्रावर भरवसा. दाब उतरला की नियंत्रण कक्षात कळतं, पण बारीक गळतीने दाब फारसा हलत नाही. म्हणून मी नेहमी म्हणायचो, लाइनवरच्या गावातला माणूस हाच सगळ्यात स्वस्त पहारेकरी. त्याच्या फोनची नोंद झाली पाहिजे आणि त्याला त्याच दिवशी उत्तर गेलं पाहिजे.

भाची : पहारेकऱ्याला पगार असतो. याला काय मिळतं ते मी सांगते, कारण ते माझं क्षेत्र. १९६२चा पेट्रोलियम आणि खनिज नळमार्गाचा कायदा आहे. त्यात जमीन विकत घेत नाहीत, फक्त वापराचा हक्क घेतात. सातबारावर नाव शेतकऱ्याचंच. मोबदला किती, तर अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाच्या दहा टक्के, एकदाच. उभं पीक, झाडं यांची नुकसानभरपाई वेगळी. आणि त्या पट्ट्यावर पुढे कायमची बंदी. घर बांधायचं नाही, विहीर खणायची नाही, तळं करायचं नाही, झाड लावायचं नाही.

मामा : ज्वारी घ्या, हरभरा घ्या. नांगर चालतो. कुणी अडवत नाही.

भाची : सोलापूरकडे विहीर आणि डाळिंब यांवाचून शेतीला भाव काय? कोनसीमेत नारळ लावायचा नाही म्हणजे मग काय लावायचं? दहा टक्के देऊन जमिनीचा जीवच काढून घेतलेला असतो. आणि ते दहा टक्के कुठल्या भावाचे? वीस वर्षांपूर्वीच्या अधिसूचनेच्या दिवसाच्या. शेजारचं वावर आज बिगरशेती होऊन त्याचे प्लॉट पडतात, याचे पडत नाहीत. नळीतून जाणाऱ्या गॅसचा दर बदलतो, नळीवरच्या जमिनीचा मोबदला बदलत नाही.

मामा : पण एवढ्या लांबीच्या प्रत्येक पट्ट्याची जमीन पूर्ण भावाने विकत घेतली असती तर नळी झालीच नसती. मग गॅस टँकरने आणला असता किंवा आणलाच नसता, आणि लाकूड-कोळसा चालू राहिला असता. तुझ्या शेतकऱ्याच्या युरियाचंही बघ. युरियाला अमोनिया लागतो, अमोनियाला हायड्रोजन, आणि तो आपल्याकडे मुख्यतः नैसर्गिक वायूतून येतो. अलिबागजवळचा थळचा कारखाना मुंबई हायच्या गॅसवर उभा राहिला. रामगुंडमचा बंद पडलेला खत कारखाना २०२१मध्ये गॅसवर पुन्हा सुरू झाला, वर्षाला सुमारे पावणेतेरा लाख टन युरियाची क्षमता. नळीविरुद्ध दावा लावणाराही खताच्या दुकानापुढे रांगेत उभा असतो.

भाची : असतोच. म्हणून मी उद्या सगळ्या विहिरी बुजवा म्हणत नाही. माझं भांडण वेगळं आहे. चंद्रपूर-यवतमाळच्या कोळशाच्या गावाला काही मागायचं तर जागा आहे. खाण कायद्याच्या २०१५च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या खाणपट्ट्याला स्वामित्वधनाच्या तीस टक्क्यांइतकी रक्कम जिल्ह्याच्या निधीत भरावी लागते, ती खाणबाधित भागासाठी. पण त्या खाण कायद्यातून खनिज तेल आणि वायू वगळलेले आहेत. म्हणजे कोनसीमेतल्या गॅस विहिरीशेजारच्या गावाला तो हक्क नाही.

मामा : स्वामित्वधन तर मिळतं राज्याला.

भाची : जमिनीवरच्या विहिरीचं राज्याला मिळतं, गावाला नाही. खोल समुद्रातल्याचं थेट केंद्राला. गाडिमोगाच्या किनाऱ्यावर टर्मिनल आहे, पण जो गॅस तिथे उतरतो त्याच्या स्वामित्वधनात आंध्रालासुद्धा वाटा नाही. कोळ्यांच्या होड्यांना समुद्रातल्या मंचांभोवती पाचशे मीटर जायला मनाई. उरलं काय, तर कंपनीचा सामाजिक निधी. नफ्याच्या दोन टक्क्यांतून कुठे शाळेची खोली, कुठे आरोग्य शिबिर. कुठे द्यायचं ते कंपनी ठरवते. कोळशाच्या गावाला निदान कागदावर हक्क आहे, गॅसच्या गावाला नुसता उपकार.

मामा : हक्काचे पैसेही कुठे पोचतात? खनिज निधी खाणीपासून लांब रस्त्यांवर आणि इमारतींवर गेल्याच्या तक्रारी किती जिल्ह्यांत आहेत, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

भाची : माहीत आहे. पण हक्क असला तर तक्रार करता येते. उपकाराची तक्रार कुठे करायची?

मामी : तुम्ही दोघं गॅस काढणाऱ्याचं आणि जमीनवाल्याचं बोलताय. चुलीपुढे बसलेल्या बाईचं कोण बोलणार? मी लग्न होऊन इथे आले तेव्हा सिलिंडर लावला आणि खोकला गेला. गावाकडे माझ्या जावेने कित्येक वर्षं धूर खाल्ला. उज्ज्वला योजना २०१६ला आली, तिलाही शेगडी मिळाली, पण दुसरा सिलिंडर भरायला पैसे नसले की पुन्हा चूल. तिच्या दारावरून नळी गेली असती तरी तिला गॅस मिळाला नसता.

मामा : ती उच्च दाबाची लाइन असते. घराला तिच्यातून थेट जोड देता येत नाही. आधी दाब उतरवावा लागतो, वितरणाचं जाळं टाकावं लागतं. पाचपन्नास घरांसाठी ते परवडत नाही. इथे भाग्यनगर गॅसचं जाळं होतं, कारण शहरात एका किलोमीटरात शेकडो गिऱ्हाइकं.

मामी : तेच म्हणते मी. परवडणं ज्याच्या हिशेबात बसतं, त्याच्याच घरी ज्योत.

भाची : आणि मामी, ज्याच्यासाठी एवढं केलं ते टिकलं का, हेही विचारा. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या केजी-डी सहा या समुद्रातल्या क्षेत्रातून गॅस २००९मध्ये यायला लागला. वर्षभरात दिवसाला सहा कोटी घनमीटरांपर्यंत गेला. तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता देश गॅसवर चालणार. वीज प्रकल्प उभे राहिले. आणि मग विहिरींत वाळू-पाणी आलं, दाब उतरला, उत्पादन कोसळलं.

मामा : ते नाकारत नाही. भूगर्भाचा अंदाज चुकला. सामर्लकोटचा चोवीसशे मेगावॅटचा प्रकल्प गॅसअभावी कधी चाललाच नाही. त्यातली काही यंत्रं पुढे बांगलादेशात गेली. आणि आपल्या गुहागरच्या दाभोळ वीज प्रकल्पाचं बघ. एन्रॉन बुडाली, २००५मध्ये रत्नागिरी गॅस कंपनी आली, गोदावरीचा गॅस थेट कोकणापर्यंत पोचला. २०१३मध्ये तो बंद झाला आणि जवळजवळ दोन हजार मेगावॅटचा प्रकल्प पुन्हा थंड.

भाची : त्या दाभोळविरुद्ध ज्यांनी नव्वदच्या दशकात लाठ्या खाल्ल्या, त्यांची जमीन परत आली का? सांगायचं हेच, की गॅसचा पूल म्हणून आपण जो बांधला, त्याचे खांब गावांच्या छातीवर रोवले. २०२४मध्ये देशातली गॅसवरची वीज क्षमता सुमारे पंचवीस हजार मेगावॅट होती, त्यातली बरीचशी बसून. निम्म्याच्या आसपास गॅस आपण बाहेरून द्रवरूपात आणतो. २०३०पर्यंत देशाच्या ऊर्जेत गॅसचा वाटा पंधरा टक्के करायचं सरकारचं उद्दिष्ट, आज तो सहा-सात टक्क्यांच्या घरात. हा वाढवायचा तर परदेशी गॅसच वाढेल. त्यापेक्षा संध्याकाळच्या विजेसाठी बॅटऱ्या, पाण्याचे पंप-साठे का नकोत? बॅटऱ्यांच्या निविदांचे दर झपाट्याने उतरतायत.

मामा : बॅटरी चार तास चालेल. पावसाळ्यात आठवडाभर आभाळ असलं तर? असलेली गॅस केंद्रं मोडू नका, वर्षातले थोडे तास वापरा. नवी बांधू नका, हे मान्य. पण तू सूर्याला देव करू नकोस. सौरवालाही जमीनच मागतो.

भाची : मागतो, आणि तिथेच मला नवी वाट दिसते. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाडेपट्ट्याच्या जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला, आणि दर वर्षी तीन टक्के वाढ. कर्नाटकात पावगडला तेरा हजार एकरांवर सौर उद्यान आहे, दोन हजार पन्नास मेगावॅटचं. तिथे सुरुवातीला एकरी एकवीस हजार भाडं ठरलं, ठरावीक वर्षांनी वाढणारं. जमीन शेतकऱ्याचीच राहिली आणि उत्पन्नही चालू राहिलं. नळीवाल्याकडून एकदा दहा टक्के, सौरवाल्याकडून पंचवीस-तीस वर्षं भाडं.

मामा : ज्याच्या नावावर सातबारा त्याला भाडं. त्या तेरा हजार एकरांवर जे मजुरीला जायचे त्यांना काय? पॅनेल पुसायला माणसं किती लागतात? माझ्या नळीवर निदान खुरपणी चालू राहते. तुझ्या पॅनेलखाली भुईमूगही नाही आणि भुईमूग काढणारी बाईही नाही. मेंढपाळाची वाट कुंपणाने अडवली. तू नळीवाल्यावर जो आरोप करतेस तोच पुढे सौरवाल्यावर येणार आहे.

भाची : येणारच, म्हणून तर आत्ता बोलायचं. संक्रमण म्हणजे इंधन बदलणं एवढंच धरलं, तर गावाच्या वाट्याला तेच येईल. एकदा गॅससाठी, एकदा सूर्यासाठी, दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही.

मामी : मग काय करायचं ते सांगा. जेवायची वेळ झाली.

भाची : एक साधी गोष्ट. गॅसवर एक रुपया घनमीटरला. केजी-डी सहाच्या क्षेत्रातून २०२३-२४मध्ये दिवसाला तीन कोटी घनमीटरांच्या आसपास गॅस निघत होता. एक रुपयाने दिवसाला तीन कोटी, वर्षाला हजार कोटींच्या वर. शहरातलं नळीचा गॅस वापरणारं चौघांचं घर महिन्याला साधारण बारा-पंधरा घनमीटर वापरतं, म्हणजे बिलात पंधरा रुपये. हा पैसा विहिरी, टर्मिनल आणि नळी यांच्या काठच्या गावांचा, कायद्याने. कोळशाच्या गावाला आहे तसाच. आणि खर्च ग्रामसभेने ठरवायचा.

मामा : पंधरा रुपये मी देईन. पण खताच्या कारखान्याला तो रुपया लावलास तर सरकारचं अनुदान वाढणार आणि तो बोजा करदात्यावर. रिक्षावाल्याच्या सीएनजीलाही तो लागणार. समोरच्या मेसवाल्याला उद्या नळीचा गॅस मिळाला तर कोनसीमेच्या पोराचं ताटही महागणार. आपल्याच गावाच्या निधीसाठी तो इथे जास्त पैसे मोजणार. फुकट काहीच नसतं.

भाची : नसतं. आत्ताही नव्हतं, मामा. फक्त किंमत दुसरा भरत होता.

मामा : मग माझ्याही दोन अटी घाल. पहिली, पैशाआधी नकाशा. लाइन कुठून जाते, कधी टाकली, शेवटची तपासणी कधी, तिच्यात काय सापडलं, हे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत, तेलुगूत लागलं पाहिजे. नगरमला पैशाने कुणी वाचलं नसतं, माहितीने वाचलं असतं. दुसरी, विहीर संपल्यावरचा पैसा. तेल कंपन्या विहीर बंद करायला, जागा पूर्ववत करायला जागा-पुनर्स्थापनेचा निधी बाजूला ठेवतात. विहिरीच्या शेवटाची तजवीज असते. ती विहीर ज्या गावाच्या रोजगारात शिरली त्या गावाच्या शेवटाची नसते. तुझ्या रुपयातला निम्मा तरी गॅस आटल्यावरच्या वर्षांसाठी कुलूपबंद ठेव. चालू असताना सगळेच वाटून खातात.

भाची : निम्मा नको, एक तृतीयांश. आत्ताची पिढी वीस वर्षं थांबणार नाही. आणि ग्रामसभा म्हटल्यावर तिथे भूमिहीन आणि कोळीही बसतील, नुसते सातबारावाले नाहीत.

मामा : चालेल, पण तोच नियम सौर उद्यानाला. जमीनमालकाच्या भाड्यावर थांबायचं नाही. मजुराचा आणि मेंढपाळाचा हिस्सा कंत्राटातच लिहायचा, पहिला खांब रोवायच्या आधी.

भाची : ते मला मान्य आहे. कंत्राट मी वाचते, नकाशा तुम्ही वाचा. तुमच्या-माझ्यासारख्यांनी गावासाठी आता एवढंच करायचं. कंपनी आली की ग्रामसभेत बसून एकाने कलमं समजावायची, दुसऱ्याने वेल्डिंग तपासायचं. सही मात्र गावाने करायची, किंवा करायची नाही.